साडेबारा टक्के गेले कुठे?

दहावीचा निकाल लागला आणि गावच्या हायस्कुलात पालकसभा तापली. मागच्या साली निकाल शंभर टक्के, यंदा 87.50. "सर, साडेबारा टक्के गेले कुठे?" सोसायटीच्या माजी चेअरमननी टेबलावर हात आपटला. नवी मुंबईत साडेबारा टक्के म्हटलं की सिडकोचा भूखंड हाती येतो. आमचे साडेबारा टक्के त्या वेळी बापाबरोबर गोठ्यात वैरण टाकत होते. परीक्षेला बसलेली पोरं आठ, एक गणितात गेला.

मला त्यातलं पॉइंट पन्नास फार आवडलं. बोर्डाने 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के सांगितला, तो पंधरा लाखांवर पोरांचा. त्यांना दशांश शोभतो. आठ पोरांच्या शाळेत 94.10 बसतच नाही. सगळे पास झाले तर शंभर, एक गेला की साडेसत्त्याऐंशी. राज्याच्या सरासरीइतकं असणं या शाळेच्या पत्रिकेतच नाही. एक तर 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम', नाही तर 'शाळेची घसरण'.

प्रत्येक पोराची पास होण्याची शक्यता अगदी राज्याइतकीच धरली, तरी आठही पास होण्याचा योग पाच वर्षांत साधारण तीनदा येतो. मास्तर तेच, फळा तोच. तीन वर्षं सत्कार, दोन वर्षं पंचनामा. चारशे पोरांच्या शाळेला असा योग फुकटात येत नाही. म्हणून शंभर टक्केवाल्यांच्या यादीत चिमुकल्या शाळा दिसल्या की लगेच बिऱ्हाड हलवू नये. तळाच्या यादीतही त्यांचीच बैठक असते.

चेअरमन मोबाइलवर तालुक्याच्या शाळेचा फ्लेक्स दाखवत फिरत होते. शंभर टक्के! पुढाऱ्यांचे फोटो मोठे, मुलांचे तिकिटाएवढे. नववीत किती होते आणि शाळेच्या नावावर दहावीला किती बसले, हे तेवढं फ्लेक्सवर मावलं नसावं. कच्च्या पोराच्या बापाला वेळेवर 17 नंबरचा फॉर्म सुचवला की परंपरेला धक्का लागत नाही. शिवाय पस्तिसाला पास, आणि तोंडी-अंतर्गतचे 20 शाळेच्याच हाती. आमच्या सरांनी त्यात पोराला जेवढं येत होतं तेवढेच दिले. सभेत त्यांच्यावर ठेवलेला हा दुसरा आरोप.

मागच्या बाकावरून एक आई म्हणाली, "पाच वर्षांची चाळीस पोरं एकत्र मांडा की. आणि हा गणितात नेमका कुठं अडला, ते सांगा." तिला "ताई, विषयाला धरून बोला" असं सांगण्यात आलं. मग चहा आला.

दुसऱ्याच दिवशी तीन पालकांनी दाखले काढले. नव्या दहावीत आता पाचच पोरं उरली आहेत. म्हणजे शाळेत पोराचा भाव मात्र वधारला: साडेबारावरून थेट वीस टक्के.