तुमच्या गावाविषयी पाच ओळी

आमचा भाचा लंडनहून परत आला त्याला नऊ दिवस झाले, पण बॅगेवर चिकटवलेली विमान कंपनीची पट्टी त्याची आई अजून काढू देत नाही. बॅग रिकामी आहे. ती दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडखळेल अशा बेताने ठेवली आहे. अडखळलेल्या माणसाने विचारावं, "काय हो, कोणी बाहेरगावी गेलं होतं का?" म्हणजे मग बहीण सुरू होते.

जळगावातल्या एका शाळेने (नाव सांगत नाही, फी ऐकून तुम्हीच ओळखाल) आठवीच्या चाळीस मुलांना आठ दिवस लंडनला नेलं. विषय : लोकल हिस्टरी अँड कल्चर. लोकल म्हणजे तिथलं लोकल. इथलं लोकल फुकट असल्यामुळे त्याला शैक्षणिक म्हणता येत नाही. माणशी सव्वादोन लाख, व्हिसा आणि विमा वेगळा, रोज एक वेळ भारतीय जेवण. पालकसभेत इतिहासावर दोन मिनिटं बोलणं झालं, भारतीय जेवणाच्या कलमावर सव्वा तास. तरीही प्रत्येक आईने बिबडे, ठेचा आणि किलोभर शेव बरोबर दिलीच. परकी संस्कृती समजून घ्यायला गेलेली ही पोरं चौथ्या रात्री हॉटेलच्या खोलीत, चहाच्या किटलीत शेवभाजी करताना सापडली. धुराची घंटा वाजली आणि चार मजल्यांचे पाहुणे रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आले. भाच्याच्या मते सहलीतला सर्वांत शैक्षणिक प्रसंग हाच.

सहलीबरोबर एक वही भरायची होती. तिथल्याच एका कंपनीने छापलेली, गुळगुळीत कागदाची. 'शेक्सपिअरच्या घरातल्या तीन वस्तू लिहा.' भाच्याने लिहिलं आहे : पलंग, पाळणा, गिफ्ट शॉप. ग्रिनीचच्या रेषेवर एक पाय पूर्वेला, एक पाय पश्चिमेला असा फोटो आहे. चोवीस पानं अशी सुखासुखी भरली. पंचविसाव्या पानावर घोटाळा झाला. तिथे लिहिलं होतं : 'आता तुमच्या गावाविषयी पाच ओळी लिहा. एक जुनी वास्तू, एक जुना दस्तऐवज, एक मोठी व्यक्ती, एक खाद्यपदार्थ, आमच्या देशाशी असलेलं एक नातं.' खाली फोटोंसाठी चार चौकटी. वही सोमवारी द्यायची होती. रविवारी आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं.

दाजींनी बैठक मारून पहिली ओळ सांगितली : जळगाव सोन्यासाठी आणि केळीसाठी प्रसिद्ध आहे. दुसरी : जळगावात ऊन फार पडतं. मग ते फोनमध्ये शिरले. घरातला सगळा इतिहास संपला होता.

"जुनी वास्तू म्हणून बहिणाबाईंचं घर लिही," मी म्हटलं. "चौधरी वाडा. तुमच्या स्कूटरवर पंधरा मिनिटं. आत त्यांच्या संसारातल्या वस्तू आहेत."

"ती कवितावाली? ती खरंच इथे राहायची?"

पोराचा दोष नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईची गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहून ती १९५२ साली महाराष्ट्रापुढे ठेवली, २०१८मध्ये विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. आता ती परीक्षेच्या हॉलतिकिटावर असते. हॉलतिकिटावरच्या माणसाला घर असतं असं कोणाला वाटेल?

दस्तऐवजासाठी मी धुळ्याचं नाव काढलं, तशी बहीण म्हणाली, "धुळ्याला काय आहे? धुळ्याला आपण फक्त लग्नाला जातो." धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे आहेत. गावोगाव हिंडून, दप्तरांची गाठोडी गोळा करून हा माणूस १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेला, आणि त्या कागदांसाठी लोकांनी लगेच राजवाडे संशोधन मंडळ काढलं. धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचं वाल्मीकि रामायण आहे. भाच्याने लंडनला मात्र मॅग्ना कार्टा बघायला वीस मिनिटं रांग लावली होती. मंद उजेड, काच, आणि कानाशी सरांची कुजबुज, "आठशे वर्षांपूर्वीचा कागद आहे, शिंकू नकोस."

आठशे वर्षांपूर्वीचंच हवं तर आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथला शिलालेख शके ११२८चा, म्हणजे मॅग्ना कार्टाच्या आठ-नऊ वर्षं आधीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला. मठ चालायचा कशावर? पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावरचा राजाचा कर राजवटीने मठाला देऊन टाकला. हा हिशेब शिलालेखाच्या शेवटी चक्क मराठीत कोरला आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लंडनच्या कागदात सरदारांनी राजाच्या मानेवर पाय ठेवून हक्क घेतले. पाटणच्या दगडात गिऱ्हाइकाच्या पैशातून पोरांना गणित शिकवायची सोय आहे. शैक्षणिक सेस आपल्याकडे जुना आहे, फक्त तेव्हा तो शिक्षणापर्यंत पोचायचा.

भाच्याने तिथल्या तिथे सरांना फोन लावला. आपण पाटणला सहल नेऊ या का? सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बाळा, त्याला शिक्षण विभागाची परवानगी लागते, एसटी लागते, प्रत्येक पालकाचं हमीपत्र लागतं, आणि ते जंगलात येतं. लंडनला नुसता व्हिसा लागला."

एवढ्यात भाच्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. शिंदखेड्याकडची. तिने नातवाला इतकंच विचारलं, "तठे भाकर भेटनी का रे भाऊ?" नाही म्हटल्यावर तिच्या लेखी इंग्लंडचा विषय संपला.

राहिलं ते त्यांच्या देशाशी असलेलं नातं. इथे मात्र मी खुर्ची पुढे ओढली. रॉबर्ट गिल नावाचा फौजी चित्रकार. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला धाडलं. माणूस वीसेक वर्षं तिथेच रमला. पारो नावाच्या बाईवर जीव लावून बसला. त्यावर महानोरांनी दीर्घ कविता लिहिली, नितीन देसाईंनी २०१२मध्ये सिनेमा काढला. गिलची मोठमोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळी खाक झाली.

"क्रिस्टल पॅलेस? बसवर पाटी होती, मामा! लाल बसवर!"

"पॅलेस बघितला?"

"नाही. तिथे काही नव्हतं म्हणे."

नाहीच. उरलेला पॅलेसही १९३६मध्ये जळाला. पुढे जे. जे.च्या ग्रिफिथ्स साहेबांनी मुंबईची पोरं घेऊन पुन्हा तेरा वर्षं नकला काढल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५मध्ये त्यातल्या पुष्कळशा जळाल्या. वाचल्या त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. आमचा अजिंठा दोनदा लंडनच्या शैक्षणिक सहलीला गेला आणि दोन्ही वेळा भाजला. तेव्हा धुराची घंटा नव्हती.

"त्या म्युझियमला आम्ही गेलो होतो," भाचा म्हणाला. "त्याचं कॅफे छान आहे."

"गिल कुठे गेला मग?" त्यानेच पुढे विचारलं.

"भुसावळला."

"भुसावळला कशाला?"

"मरायला. १८७९मध्ये. तिथेच पुरलंय त्याला."

भुसावळला आपण गाडी बदलायला उतरतो. अजिंठ्यासाठी जळगाव स्टेशनवर गोरे पाहुणे पाठीवर पिशवी घेऊन उतरतात, त्यांना रिक्षा करून देण्यात आमच्या गल्लीतले दोघं तरबेज आहेत. त्या दोघांनी स्वतः लेणी बघितलेली नाहीत. भाच्यानेही नाहीत. त्याच्या सरांचं म्हणणं, अजिंठा दुसऱ्या जिल्ह्यात येतो.

ओळी पाच झाल्या. खाद्यपदार्थापुढे भाच्याने स्वतःच्या अक्कलहुशारीने लिहिलं : शेवभाजी, खोलीत करू नये. सोमवारी वही तपासून आली. सरांचा लाल शेरा : 'माहिती उत्तम. फोटो चिकटवा.'

पुढच्या वर्षीच्या सहलीचं पत्रकही त्याच वहीत घालून आलं होतं. सिंगापूर. पहिला हप्ता दाजींनी त्याच संध्याकाळी भरला. चारही चौकटी अजून रिकाम्या आहेत. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर आहे.