कार्बोरेटरच्या वाटीत मुक्कामी असलेल्या पेट्रोलास खुले पत्र

श्री. रा. रा. गेल्या मोसमातले पेट्रोल,
मुक्काम : कार्बोरेटरची वाटी, शेतकरी गटाचा पॉवर वीडर,
तळेघरच्या बाजूची एक वाडी, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आषाढाचा पाऊस धो धो कोसळतो आहे, खाचरं काठोकाठ भरली आहेत, राबावरचं रोप उपटायला आलं आहे आणि वीडरची दोरी ओढून ओढून वाडीतल्या तरण्या पोरांचे खांदे उतरले आहेत. कालपर्यंत इंजिन साधं खोकतही नव्हतं. या धामधुमीत एकटे आपणच काय ते निवांत होतात. पितळी जेटच्या पायथ्याशी, चार चमच्यांच्या वाटीत, दिवाळीपासून आपला मुक्काम हलला नव्हता. एवढी स्थितप्रज्ञता आजकाल साधूंतही सापडत नाही. तेव्हा जाहीर गौरव करावा, म्हणून हे पत्र.

आपला जन्म तेलशुद्धीकरण कारखान्यातला, त्यामुळे इथल्या शेतीची आपल्याला कल्पना नसावी. भीमाशंकरच्या डोंगरउतारावर ट्रॅक्टर उतरत नाही. ही खाचरं पडकईची आहेत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असं राबून आमच्या आज्या-पणज्यांनी दगड रचून ती काढली. काहींत बैलजोडी वळवायचीही कसरत. पुढे बैल सांभाळणं परवडेना, तेव्हा चिखलणीसाठी हे छोटं यंत्र आलं. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून, महाडीबीटीवर अर्ज भरून, सातबारा, आठ-अ आणि कोटेशन जोडून आलं. अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना या योजनेत किमतीच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं, बाकीच्यांना 40 टक्क्यांपर्यंत. अर्धे पैसे सरकारचे, अर्धे आमचे आणि मर्जी पूर्ण आपली, अशी ही भागीदारी आहे.

मर्जीचा हिशेबही सांगतो. भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावलं तर फुटवे चांगले येतात. त्यापुढे ते राबावरच म्हातारं होऊ लागतं. चिखलणी अडली की लावणी अडते आणि अडलेला एकेक दिवस थेट कणगीतून वजा होतो. आपण वाटीत बसून आमचा तांदूळ खात होतात, तोही न शिजवता.

आपण सापडण्याआधी किती निरपराध्यांची धिंड निघाली, तेही कळू द्या.

पहिला बळी अर्थातच प्लगचा. इंजिन चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडे आधी प्लग बदलतात, कारण तो बदलता येतो. खरं तर तपासणी सोपी होती. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवावं, आसपास सांडलेलं पेट्रोल पुसून, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब धरून दोरी ओढावी. निळी ठिणगी पडली तर करंट आहे. आमच्याकडे ती चांगली कडक पडली. तरीही मेकॅनिकने नवा प्लग बसवला आणि जुना स्वतःच्या खिशात घातला. त्यावरून जुनाही चांगलाच असावा.

दुसरा संशयित ऑइलचा सेन्सर. या छोट्या इंजिनांपैकी अनेकांत तेल कमी झालं की करंट तोडणारा सेन्सर असतो. यंत्र तिरकं उभं असलं तरी त्याला तेल संपल्यासारखं वाटतं. आमच्या वाडीत सपाट अशी जागा देवळापुढेच, म्हणून वीडर तिथे नेला. तेल काठीवर बरोबर दिसलं. लाल स्विच चालूवर होता. सेन्सर निर्दोष सुटला. देवळापर्यंत वीडर गेलाच आहे तर नारळही फोडावा, असा ठराव झाला. नारळ फुटला. इंजिनाने प्रसादही घेतला नाही.

मग एअर फिल्टर उघडला. त्याच्या फोममध्ये एका उंदराने संसार थाटला होता. त्याला सहकुटुंब बेघर केलं, फोम धुतला, वाळवला. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही. तेही साफ केलं. त्यावर कोणी म्हणालं, यंत्र अमावास्येला घरी आलं होतं. कोणी हँडलला लिंबू-मिरची बांधली. मेकॅनिकने जाता जाता 'इंजिन उतरवावं लागेल' असा निकाल दिला. खरं तर दोरी ओढताना हाताला चांगला दाब लागत होता, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह आपापलं काम करत होते. पण इंजिन उतरवण्याची मजुरी प्लगपेक्षा बरी असते.

आपला घात केला तो प्लगनेच. एवढी दोरी ओढूनही तो बाहेर आला तेव्हा ठणठणीत कोरडा होता. चोक लावून इतकं ओढल्यावर प्लग पेट्रोलने भिजायला हवा. फार भिजला असता तर इंजिनात पेट्रोल जास्त झालं असं म्हटलं असतं आणि प्लग काढून, स्विच बंद करून, नुसती दोरी ओढून जादा पेट्रोल बाहेर फेकलं असतं. पण कोरडा? मग ताज्या पेट्रोलचे चार थेंब प्लगच्या भोकातून आत सोडले, प्लग बसवला आणि दोरी ओढली. इंजिन फाडकन पेटलं, दोन श्वास घेतले आणि विझलं. करंट आहे, दाब आहे, हवा आहे. वरून पेट्रोल तेवढं येत नाही. वाटीखालचा बोल्ट सैल केला आणि आपलं दर्शन झालं.

काय ते रूप! ताज्या पेट्रोलचा नाकात शिरणारा वास गेलेला, त्याजागी जुन्या रंगवलेल्या दाराचा आंबूस दर्प. वाटीच्या तळाला पिवळट चिकटा, जेटचं भोक बुजलेलं. टाकीतल्या आपल्या भावंडांना काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं, तर वर एक थर आणि खाली गढूळ दुसरा. एका टाकीत राहून दोन चुली मांडणारं हे कुटुंब पाहून आमच्या वाडीतले भाऊबंदही ओशाळले.

आपल्या गुणांचं मूळ शोधलं तेव्हा कळलं, ते जरा खोलात आहे. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचा जमाव. त्यातले हलके आधी उडून जातात आणि थंड इंजिन पेटवायचं काम नेमकं त्यांचंच असतं. मागे राहिलेले हवेतल्या ऑक्सिजनशी सलगी करून डिंक बनवतात. वाटीत पेट्रोल थोडं, त्यात तिला हवेची वाट मोकळी, म्हणून टाकीच्या आधी वाटी बिघडते. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद. ते बुजवायला डिंकाचा एक पापुद्रा पुरतो.

आता आपल्या सासुरवाडीकडे वळू. आपल्यात इथेनॉल मिसळायची बोलणी महाराष्ट्रातच झाली. 2001 मधल्या प्रायोगिक प्रकल्पांच्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन आपलीच. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, 2022 मध्ये देशाने 10 टक्के गाठले आणि आधी 2030 साठी ठरवलेलं 20 टक्क्यांचं उद्दिष्ट 2025 मध्येच पुरं झालं. उसाला भाव मिळतो, परकीय चलन वाचतं, हे सगळं मान्य. आमच्याच तालुक्याच्या पूर्वेला ऊस उभा आहे, त्याच्या चार पैशांवर आम्ही जळत नाही. रोज पळणाऱ्या मोटारसायकलीत आपण गुण्यागोविंदाने नांदता, हेही खरं. ती आठवड्यात टाकी रिकामी करते, आपल्याला बिघडायला वेळच देत नाही. आमचा वीडर मात्र दिवाळीनंतर हरभऱ्याचं रान फिरवून पडवीत जातो तो थेट आषाढात बाहेर येतो.

आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. हवेतला दमटपणा ते शोषतं, झाकणाच्या भोकातून आलेला पावसाचा थेंबही पोटात घेतं. एका मर्यादेपर्यंत सगळं एकजीव राहतं. पाणी त्या मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. गारठ्यात ती मर्यादा आणखी खाली येते. टाकीतून इंजिनाकडे जाणारी वाट नेमकी तळातून निघते, म्हणजे इंजिनाच्या तोंडी आधी पाणीच. भीमाशंकरच्या पावसात, आठवडेच्या आठवडे ढगात बुडालेल्या पडवीत, आपल्याला याहून अनुकूल हवामान कुठे मिळणार होतं? अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. पंपावर मात्र आपण 20 टक्क्यांचा संसार घेऊन येता आणि पुस्तिका पिशवीत इंग्रजीत झोपलेली असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. सगळं इथेनॉल उसाचंच असतं असं नाही. अन्न महामंडळाच्या गोदामातल्या जादा तांदळापासून ते करायला 2020 मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे आपल्या अंगात थोडा भातही वाहत असेल. भाताच्या पोटी जन्मून भाताचीच लावणी अडवायची, या कर्तबगारीला आमच्याकडे मोठी परंपरा आहे. फक्त ती आजवर माणसांपुरती होती.

आपल्याला एवढी मोकळीक कोणी दिली, याचाही तपास केला. वीडर शेवटी कोणाच्या रानात चालला, यावर गटात अजून एकमत नाही. शेवटच्याचं नाव निघालं की सगळेच शेवटून दुसरे होतात. पण खरा आश्रयदाता त्याआधीचा आहे. यंत्र ताब्यात आलं त्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाने ते चालू करून दाखवलं. फोटो निघाले, अनुदानाच्या कागदावर सह्या झाल्या, पेढे वाटले. चोक कसा लावायचा, रेस कशी द्यायची, सगळं सांगितलं. हंगाम संपल्यावर ते बंद कसं करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. दसऱ्याला आम्ही त्याच्या टाकीला हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. बंद करण्याचा विधी मात्र कोणत्याही पोथीत नाही आणि आपण त्याच फटीतून आत शिरलात.

असो. आपल्या बाबतीत पुढील निकाल देण्यात येत आहे. टाकी, नळी आणि वाटी रिकामी करून आपल्याला हद्दपार करण्यात आलं आहे. कार्बोरेटर उतरवून वाटी, फ्लोट आणि त्याची सुई क्लीनरने धुतली. जेट वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक धाग्याने मोकळा केला. तिथे स्टीलची तार घातली असती तर पितळेचं भोक मोठं होऊन पुढे इंजिन काळा धूर ओकत राहिलं असतं. आपल्याला ओढ्यात सोडणं सोपं होतं, पण भीमेचा उगम याच डोंगरात आहे आणि 1985 पासून हे अभयारण्य शेकरूसाठी राखलेलं आहे. आपल्यासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. म्हणून कॅनमध्ये बंद करून आपली रवानगी मंचरच्या एका गॅरेजमध्ये केली आहे. तिथे गंजलेले पार्ट धुण्याची सक्तमजुरी आपण भोगावी.

ताजं पेट्रोल घातल्यावर वीडर चालू झाला. चिखलणी सुरू आहे. आपल्यामुळे म्हातारं झालेलं रोप घेऊन आम्ही लावणीला निघालो आहोत. आपल्या पुढील आयुष्यास शुभेच्छा, फक्त ते आमच्या वाटीत नको.

आपला,
दोरी ओढून थकलेला एक भातकरी

ता. क. : हे वाचकांसाठी. लावणी झाली आणि यंत्र महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल, तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप विझेपर्यंत ते चालू ठेवा. वाटीखालचा बोल्ट सैल करून उरलेले थेंबही काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून दोरी हळू ओढा, म्हणजे सिलिंडर गंजणार नाही. कॅनवर पेट्रोल आणल्याची तारीख लिहा, लागेल तेवढंच आणा. यंत्र गटाचं असेल तर शेवटी वापरणाऱ्याचं नाव वहीत सहीनिशी घ्या. आणि अनुदानाचं यंत्र चालू करून दाखवणाऱ्या विक्रेत्यांना व कृषी खात्याला एक विनंती : ते हंगामापुरतं बंद करूनही दाखवा. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यानंतर फोटो काढा, पेढेही वाटा.