डबा एक, भाजी भलतीच

घरात एखादं कार्य पार पडलं की मागे तीन कामं उरतात: केटररचा हिशेब, उरलेल्या लाडवांची वाटणी आणि व्हिडिओ. पहिली दोन वडीलधारी मंडळी उरकतात. तिसरं काम घरात ज्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' त्याच्या गळ्यात पडतं. कळतं म्हणजे काय, तर त्याने कधीतरी आत्याचा प्रिंटर चालू करून दिलेला असतो. तेवढ्या पुण्याईवर काकांच्या एकसष्टीची फिल्म त्याने करायची. सुरुवातीला काकांच्या लग्नाचे दोन तुकडे, मग औक्षण, मग भाषणं, मागे सनई. "नुसतं जोडायचं तर आहे रे," आत्या म्हणते.

मग माल जमू लागतो. पुण्याच्या भाच्याच्या आयफोनमधून एमओव्ही येतं. सोलापूरच्या मेव्हण्याच्या अँड्रॉइडमधून एमपी४. थोरल्या दादाच्या हँडीकॅममधून एमटीएस. लग्नाच्या डीव्हीडीतून व्हीओबी नावाचे एकेक जीबीचे तुकडे. अमेरिकेतल्या मुलीच्या शुभेच्छा व्हॉट्सॲपने पिळून पाठवलेल्या. हे सगळं घरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकावं, तर आयफोनच्या औक्षणात निरांजन हलल्याचा आवाज येतो, पण पडदा काळाकुट्ट. दादाच्या फाइलमध्ये काका तोंड हलवतात, पण आवाज गायब. डीव्हीडीच्या बाबतीत सॉफ्टवेअर एका वाक्यात हात झटकतं: ही फाइल चालत नाही. का चालत नाही, हे विचारण्याची खिडकीच नाही.

अशा वेळी एक चुलतभाऊ हमखास सुचवतो, "अरे, नुसतं एमओव्ही पुसून एमपी४ लिही की!" एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत. आत भाजी कुठली, ते कोडेक ठरवतं. झाकणावरची चिठ्ठी बदलून कारल्याचा बटाटा होत नसतो. उलट दोन फायलींवर एमपी४ असंच लिहिलेलं असूनही एकीत एच.२६४ आणि दुसरीत एच.२६५ निघतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

या कारल्यामागे मोठमोठी डोकी आहेत. एच.२६४ आलं २००३ साली, आणि हळूहळू सगळ्यांनी ते मान्य केलं. सगळ्यांचं सुरळीत चाललेलं फार दिवस बघवत नाही, म्हणून २०१३ साली एच.२६५ उर्फ एचईव्हीसी आलं. तेवढंच चांगलं चित्र जवळपास निम्म्या जागेत! पण त्याच्या पेटंटची दक्षिणा गोळा करायला एक सोडून अनेक मंडळं बसली. मग कुणी ती भरली, कुणी टाळली, कुणी गिऱ्हाइकाकडे बोट दाखवलं. विंडोजवर एचईव्हीसीचं एक्स्टेंशन मायक्रोसॉफ्टच्या दुकानात वेगळं विकत मिळतं. ॲपलने २०१७ साली, आयओएस ११ पासून, नव्या आयफोनमध्ये हाच प्रकार न विचारता चालू करून दिला. मायक्रोसॉफ्टने आपला साधाभोळा मूव्ही मेकर बंद केला, तोही त्याच वर्षी. फोनने भाजी बदलली आणि घरचा स्वयंपाकी रजा घेऊन गेला. या सगळ्या दक्षिणेला कंटाळून बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ काढलं. म्हणजे फॉरमॅटचा गोंधळ मिटवायला आणखी एक फॉरमॅट.

दादाच्या हँडीकॅमची तऱ्हा निराळी. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या त्याच्या रेकॉर्डिंग पद्धतीत चित्र एच.२६४ चं, पण आवाज बहुधा डॉल्बीचा. काकांचं भाषण गिळलं गेलं ते इथे. नातेवाइकांपैकी काहींना मात्र ही सोय वाटली.

तेव्हा 'फुकट कन्व्हर्टर' शोधणं आलं. पहिली वेबसाइट काकांची एकसष्टी कुठल्याशा परक्या सर्व्हरवर मागवून घेते आणि ९९ टक्क्यांवर येऊन पैसे मागते. दुसरं सॉफ्टवेअर काम चोख करतं, फक्त ऐन कुंकू लावताना काकांच्या कपाळावर स्वतःचं नाव छापतं. तिसऱ्याने रूपांतर केलं की चौथ्या मिनिटापासून ओठ पुढे आणि शब्द मागे. वरातीमागून घोडं. त्यातही दोष घोड्याचा नसतो. उजेड कमी झाला की बरेच फोन सेकंदाला घ्यायच्या चित्रांची संख्या गुपचूप कमी करतात, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ती ठरीव आहे असं धरून चालतं.

गंमत अशी की इलाज खरोखरच फुकट आहे. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग आणि २००३ पासूनचं हँडब्रेक ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. पैसे घेणारे कित्येक कन्व्हर्टर पोटात एफएफएमपेगच बाळगतात. भाजी चालण्याजोगी असेल आणि नुसता डबाच नडत असेल, तर एफएफएमपेग ती काही सेकंदांत दुसऱ्या डब्यात ओततं, चित्राला धक्का न लावता. भाजीच बदलायची असेल, तर हँडब्रेकमध्ये एच.२६४ निवडावं आणि फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' ठेवावा, म्हणजे ओठ आणि शब्द बरोबर चालतात. मात्र प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा कस जातो, म्हणून ते एकदाच करावं आणि मूळ फायली पुसू नयेत. पण हे सांगणाऱ्याला जाहिरात परवडत नाही, आणि जाहिरात करणाऱ्याला हे सांगणं परवडत नाही.

शेवटी फिल्म तयार होते. लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरलेला असतो, हार्ड डिस्क गळ्यापर्यंत भरलेली असते. आत्या म्हणते, "छान झालीय हो! आता ग्रुपवर टाक." आणि व्हॉट्सॲप ती पुन्हा पिळून सगळ्यांना वाटून टाकतं.

तेव्हा यजमानांना एकच विनंती. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापताच ना? त्याखाली आणखी एक ओळ छापा: 'आयफोनधारकांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन मोस्ट कम्पॅटिबल निवडूनच मांडवात यावे.' आहेर आणला तरी चालेल.