सगळेच अ‍ॅडमिन, मग पहारा कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून घरांत, दुकानांत, सीएंच्या ऑफिसांत विंडोज ११ चढवण्याचं काम चालू आहे. ते चढलं की पहिली तक्रार ठरलेली: "सारखं विचारतंय हो!" त्यावरचा उपायही ठरलेला: "बंद करून टाका."

मग कंट्रोल पॅनेल उघडतं, यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल), म्हणजे परवानगी विचारणारी जी चौकट, तिची पट्टी तळाला ओढली जाते, ओके. आता विचारणार नाही, अशी ग्वाही मिळते. खरंच विचारत नाही. टॅलीसाठी विचारत नाही, प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी विचारत नाही आणि तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने सिस्टीमचा पूर्ण अधिकार घेतला तरीही विचारत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तो हा प्रकार. अपग्रेड करून देणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की पट्टी तळाला ओढायचं काम पैसे घेऊनही करू नका, फुकट तर मुळीच नको.

ही चौकट नेमकं काय करते ते आधी बघू. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केलंत तरी विंडोज तुमच्या नावाने दोन परवाने बनवतं. एक साधा, एक पूर्ण अधिकाराचा. ब्राउझर, वर्ड, मेल असं रोजचं सगळं साध्या परवान्यावर चालतं. एखाद्या प्रोग्रॅमला सिस्टीममध्ये हात घालायचा असेल तर दुसरा परवाना लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे विचारायला ती चौकट येते. त्या वेळी मागची स्क्रीन काळवंडते ती शोभेसाठी नव्हे. तुम्ही क्षणभर वेगळ्या, राखीव डेस्कटॉपवर गेलेले असता. मागे चालू असलेला साधा प्रोग्रॅम तिथे स्वतःच माउस फिरवून येस दाबू शकत नाही. तिथे बोट माणसाचंच लागतं.

फोनवरून गंडा घालणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. "बँकेतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम आहे, एवढं अ‍ॅप घ्या," म्हणत ते स्क्रीन ताब्यात घेतात. दुसऱ्याची स्क्रीन लांबून चालवणाऱ्या अ‍ॅप्सच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. आता बारकावा बघा. ते अ‍ॅप साध्या अधिकारावर चालत असेल आणि मध्येच यूएसीची चौकट आली, तर पलीकडच्याला ती सहसा दिसत नाही, दाबताही येत नाही. म्हणून तो फोनवर गोड आवाजात सांगतो, "आता एक खिडकी येईल काका, येस करा." त्या एका येससाठी त्याला तुमच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. ज्यांनी पट्टी तळाला ओढून ठेवली आहे, त्यांच्याकडे तेवढंही करावं लागत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आपणच दिलेल्या असतात. (पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. लगेच लावायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही.)

चौकट वाचायला पाच सेकंद लागतात. वर प्रोग्रॅमचं नाव, खाली पब्लिशर. पब्लिशरची डिजिटल सही पटली तर त्याचं नाव येतं आणि चौकटीची वरची पट्टी निळी असते. सहीच नसेल तर तिथे 'अननोन' दिसतं आणि पट्टी पिवळी होते. खाली 'शो मोअर डिटेल्स' आहे, त्यात ती फाइल कुठून चालू झाली ते कळतं. पण निळी पट्टी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. स्क्रीन ताब्यात देणाऱ्या अ‍ॅप्सवरही रीतसर सही असते. खरा प्रश्न चौकटीत लिहिलेला नसतो, तो स्वतःला विचारायचा: मी आत्ता असं काय केलं की याने परवानगी मागावी? तुम्ही स्वतः प्रिंटरचा ड्रायव्हर टाकत असाल आणि चौकटीत प्रिंटरच्याच कंपनीचं नाव असेल तर खुशाल येस. तुम्ही नुसता मेल वाचत असाल आणि चौकट उगवली तर नो. नो म्हटल्याने काहीही बिघडत नाही. काम खरं असेल तर चौकट पुन्हा येईल.

सारखं विचारल्याचा राग येतो, हे मला मान्य आहे. राग योग्य, पण पत्ता चुकीचा. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच अ‍ॅडमिन असायचे, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारेही मनात येईल तिथे फायली टाकायचे. २००७ मध्ये विस्टा आली, तिने परवानगी विचारायला सुरुवात केली आणि जगभर बोंब झाली. यूएसी आणली तीच लोकांना त्रास व्हावा म्हणून, असं मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी एप्रिल २००८ मध्ये एका परिषदेत उघड सांगितलं. त्रास झाला की ग्राहक ओरडतील, ग्राहक ओरडले की सॉफ्टवेअरवाले सुधारतील, हा हिशेब. सुधारलेही. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार अशी चौकट आणणाऱ्या प्रोग्रॅमांची आणि कामांची संख्या पावणेआठ लाखांवरून एक लाख अडुसष्ट हजारांवर आली होती. म्हणजे उरलेला त्रास कोणाचा? ज्यांनी अजूनही आपला प्रोग्रॅम सुधारला नाही, त्यांचा.

कधी दोष मायक्रोसॉफ्टचाही असतो. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटने इन्स्टॉलरमधली एक फट बुजवली, आणि साध्या खात्यावरून ऑटोकॅडसारखे प्रोग्रॅम उघडताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. पुढच्या महिन्यात सुधारित अपडेट आलं. ज्यांनी महिनाभर कळ काढली त्यांचं काम सुरळीत झालं. ज्यांनी तेवढ्यात सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकलं, त्यांच्याकडे ते अजून अ‍ॅडमिनच आहेत.

आणि मुळात, अ‍ॅडमिन खात्यावर बसून नुसत्या चौकटीच्या भरवशावर राहणंही पुरेसं नाही. ही चौकट म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे, हे मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००७ मध्येच लिहिलं होतं. तिला बगल देण्याच्या युक्त्या तेव्हापासून सापडत आल्या आहेत. तेव्हा खरा उपाय एकच: रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' करा. अ‍ॅडमिन खातं वेगळं ठेवा, त्याला वेगळा पासवर्ड द्या. मग चौकट नुसतं येस-नो विचारत नाही, पासवर्ड मागते. मुलाने गेमचा क्रॅक उतरवला तरी आईने किंवा बाबांनी पासवर्ड टाकल्याशिवाय तो सिस्टीममध्ये शिरत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समधून आधी नवं खातं बनवा, त्याला अ‍ॅडमिन करा, त्यात एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा आणि मगच जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. पासवर्ड वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. हे उलटं झालं आणि संगणकावर एकही चालू अ‍ॅडमिन खातं उरलं नाही, तर चौकट येते पण येसचं बटण करडं असतं, दाबलंच जात नाही. तिथून बाहेर पडायला रिकव्हरीची खटपट करावी लागते, आणि तेवढ्यासाठी कुणीतरी "फॉरमॅट मारू या" म्हणतो.

फॉरमॅटवरून आठवलं. नव्याने विंडोज टाकल्यावर डी ड्राइव्हमधले जुने फोल्डर "परवानगी नाही" म्हणतात आणि लोक हबकतात. नाव तेच, पासवर्ड तोच, मग असं का? कारण विंडोज तुम्हाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, फोल्डरवर मालक म्हणून तोच नोंदलेला असतो, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा. अशा वेळी 'कंटिन्यू' दाबून त्या एका फोल्डरची परवानगी घ्या. पूर्ण ड्राइव्हवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन मोकळे होणारे तंत्रज्ञ पाहिले की माझा संताप होतो. त्या 'एव्हरीवन'मध्ये संगणकावरचं प्रत्येक खातं येतं, आणि पेन ड्राइव्हवरून आलेला प्रोग्रॅम त्यातल्याच एका खात्यावर चालतो.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढचं पाऊल जाहीर केलं: अ‍ॅडमिनचा अधिकार कायम हाताशी न ठेवता कामापुरता, वेगळ्या लपलेल्या खात्यातून, पिन किंवा बोटाचा ठसा घेऊनच द्यायचा. दिशा बरोबर आहे. ते आपल्या मशीनवर येईपर्यंत वाट बघायची मात्र गरज नाही, स्टँडर्ड खातं आजही फुकट आहे.

आणि बिलिंगचं, हिशेबाचं, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर विकायला जो येतो, त्याला किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: रोज स्टँडर्ड खात्यावर चालतं का? "राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करायचं सर, काही होत नाही," असं तो म्हणाला, तर ते 'काही होत नाही' त्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा.