जलदूताचे स्वागत

मांजरा धरण आटल्यामुळे ज्या लातुरात मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांवर पाचांहून अधिक माणसांस जमण्याची मनाई करणारा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांस काढावा लागला, त्याच लातुरात १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाच लाख लिटर, म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर, पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे दाखल होताच श्रेयाचे फलक मिरविणाऱ्यांस त्या हुकुमाची याद राहिल्याचे ऐकिवात नाही. पाणी मोजून आले. श्रेयास मात्र, ते सर्वपक्षीय असल्याने, माप नव्हते.

त्याच सुमारास एका स्नेह्याच्या वाढदिवसास नांदेडहून आलेल्या मित्रमंडळींनी पुष्पगुच्छाऐवजी पाण्याचे जार आणले आणि यजमानीणबाईंनी पाहुण्यांचे क्षेमकुशल विचारण्यापूर्वी ते कोठीत कुलूपबंद केले.