शेडबसल्या जागतिकीकरण : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

भोसरी एमआयडीसीत जे ब्लॉकला किंवा एस ब्लॉकला ज्यांची भाड्याची शेड आहे, शेडमध्ये हप्त्यावर घेतलेली दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी आहे, आणि ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ हे शब्द ऐकले की जे टीव्हीचा चॅनेल बदलतात, अशा होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. एमबीए लागत नाही. पासपोर्टही लागत नाही. नाशिक फाट्याच्या पलीकडे गेला नसाल तरी चालेल.

पहिली गोष्ट मनावर बिंबवा. या व्यापारात उतरायचं की नाही, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. चाकणच्या कंपनीची पहिली पीओ हातात पडली त्याच दिवशी तुम्ही उतरलात. आता पाणी किती खोल आहे तेवढंच बघायचं.

साहित्य

सकाळी शटर वर केलंत की आधी शेडमध्येच जगाची हजेरी घ्या. कंट्रोल पॅनेलवर फानुक लिहिलं असेल तर जपान, सीमेन्स असेल तर जर्मनी. टूल होल्डरमधला कार्बाइड इन्सर्ट सँडविकचा असेल तर स्वीडन. मायक्रोमीटर मितुतोयोचा, म्हणजे पुन्हा जपान. व्हीएमसी सेकंडहँड घेतली असेल तर मागची पाटी पुसून बघा, तैवान निघायची शक्यता बरीच. ऑपरेटर लातूरचा, हेल्पर बिहारचा. भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता, आणि आपला सेटर ‘कायझेन’ नि ‘पोका योके’ असं म्हणतो की खेड तालुक्यातली दोन गावं वाटावीत.

हे सगळं 1991 साली आलं असं टीव्हीवरचे तज्ज्ञ सांगतात. ते टेल्को रोडनं कधी गेलेले नसतात. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को 1960 च्या सुमारास दापोडीत आल्या. एमआयडीसीची स्थापना 1962 ची, म्हणजे स्वीडनचे लोक तिच्याही आधी आपल्या शेजारी राहायला आले होते. पुढे एसकेएफनं चिंचवड गाठलं. आकुर्डीच्या बजाजची पहिली स्कूटर इटलीच्या पियाजिओची वेस्पा होती.

मग 1991 मध्ये झालं काय? त्याआधी परदेशातून तंत्र यायचं, माल फारसा यायचा नाही. आयात शुल्काची भिंत उंच होती. गिऱ्हाईक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, त्यामुळे खपाची काळजी कंपनीला नव्हती आणि कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याला तर नव्हतीच. नोकरी सोडून लेथ टाकलेल्या माणसाचा रेट फार तर शेजारच्या शेडशी ताडून बघितला जायचा. जुलै 1991 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, परवाने गेले, शुल्क उतरत गेलं, 1995 पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, आणि परचेसच्या साहेबांच्या तोंडी एक नवा प्रश्न आला : ‘चायनाचा रेट काय आहे, माहितेय का?’ जागतिकीकरण म्हणजे हा प्रश्न. बाकीचं परिसंवादासाठी.

जुने दिवस सोन्याचे होते असं कुणी चहाच्या टपरीवर म्हणू लागलं तर माना डोलवू नका. त्या दिवसांत जे जमेल ते माप चालून जायचं. दहा मायक्रॉनमध्ये बोअर धरायला भोसरीला शिकवलं ते परक्या गिऱ्हाइकांच्या ऑडिटरांनी, आणि त्या शिकण्यावर इंद्रायणीनगरात फ्लॅट झाले, पोरं इंजिनियर झाली. खोटं कशाला बोला?

दर देण्याची रीत

समजा, एक बुश आहे. सळईचं वजन, मशीनचा तासाचा खर्च, इन्सर्ट, लाइट बिल, बाहेरून करून घ्यायचं प्लेटिंग, छोट्या हत्तीचं भाडं, सगळं धरून तुमचा आकडा येतो 12 रुपये 40 पैसे. हा आकडा मनात ठेवा आणि कोटेशनवर थोडा वाढवून लिहा. समोरचे साहेब 11 रुपये 85 पैसे म्हणतील. त्यांना दुष्ट समजू नका. त्यांच्या मुख्यालयातून त्यांना विचारणा झालेली असते की हाच बुश थायलंडमध्ये कितीला पडतो, मेक्सिकोत कितीला. त्यांच्या स्क्रीनवर तुमचं नाव नसतं, एक रकाना असतो, आणि तो लाल दिसू नये एवढीच त्यांची इच्छा असते.

रेट मान्य झाला की पेढे वाटू नका. दरवर्षी तो थोडा उतरवून द्यायचा असतो, त्याला कॉस्ट डाऊन म्हणतात. पोलाद महागलं तर वाढ मिळते, पण तिमाही उलटल्यावर. पोलाद स्वस्त झालं तर कपात मागच्या तारखेपासून, डेबिट नोटनं.

रुपया घसरला की नातेवाइकांचे फोन येतील : ‘आता काय बुवा, एक्स्पोर्टवाल्यांची चंगळ!’ तुमचा बुश खरोखरच गाडीत बसून परदेशी जात असतो. पण तुमची पीओ रुपयांत असते. डॉलर वरच्या मजल्यावर उतरतो. खाली तुमच्यापर्यंत पोहोचतो तो इन्सर्टचा वाढलेला भाव. या मार्गदर्शिकेतलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा : फायदा ज्याच्या बिलावर डॉलर आहे त्याचा, आणि हादरा साखळीत जो सर्वांत खाली त्याचा.

(गुरुवारचं एक लक्षात ठेवा. जग रविवारी सुट्टी घेतं आणि भोसरी गुरुवारी, विजेच्या वाटणीमुळे पडलेल्या पायंड्यानं. तातडीची ई-मेल त्यामुळे गुरुवारीच येते.)

हवामान कसं ओळखावं

वर्तमानपत्राचं आंतरराष्ट्रीय पान आपण भेळवाल्यासाठी ठेवतो. ते आधी वाचा. का, ते तळेगावला जाऊन समजून घ्या.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं तळेगावचा कारखाना 2008 साली सुरू केला. आसपासच्या पुरवठादारांनी त्या भरवशावर मशिनं घेतली, कर्जं काढली. 2017 च्या अखेरीस कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण कारखाना चालू ठेवला. तिथल्या गाड्या मेक्सिकोसारख्या देशांत जात राहिल्या. म्हणजे तीन वर्षं असा प्रकार होता की शेवरलेट बनत होती मावळात आणि मावळातल्या माणसाला ती शोरूममध्ये मिळत नव्हती. शुद्ध निर्यात, अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशी. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं कारखाना घ्यायचं ठरवलं. एप्रिलमध्ये दिल्लीनं नियम केला की सीमेला सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची मंजुरी लागेल. जूनमध्ये लडाखच्या गलवान दरीत चीनशी चकमक झाली. मंजुरी आली नाही. डिसेंबर 2020 मध्ये लाइन थांबली, कामगार भरपाईसाठी लढत राहिले, 2022 मध्ये चिनी सौदा मोडला आणि 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईनं करार केला. एका कारखान्याचं भवितव्य डेट्रॉइट, बाओडिंग, दिल्ली, लडाखची एक दरी आणि सोल इतक्या ठिकाणी ठरलं. त्याला पार्ट देणाऱ्या शेडचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेलाच कापला जात होता.

सराव म्हणून आणखी काही बातम्या घ्या आणि त्यांचा शेडमधला अर्थ लावायला शिका.

जून 2023 मध्ये नायजेरियानं आपल्या नायरा या चलनाला मोकळं सोडलं आणि ते कोसळलं. तिकडे मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्याला बजाजची बॉक्सर परवडेना. अर्थ : इकडे शेड्यूल कमी. त्याच वर्षाच्या शेवटी तांबड्या समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. अर्थ : माल पोहोचायला दहा-पंधरा दिवस जास्त, आणि तेवढं पेमेंट लांब. एप्रिल 2025 मध्ये चीननं दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. पावसाळ्यात आकुर्डीत बनणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकच्या उत्पादनाला कात्री लागली. अर्थ : तुम्ही चुंबक कधी हातात धरला नसला तरी तुमचा ब्रॅकेट रॅकवर पडून. 3 मे 2025 पासून अमेरिकेनं गाड्यांच्या सुट्या भागांवर 25 टक्के शुल्क लावलं. अर्थ : ‘आपण सारे भागीदार आहोत’ या विषयाची ई-मेल. भागीदारी नफ्याच्या वर्षी आठवत नसते, त्यामुळे हा विषय दिसला की आधी कॅल्क्युलेटर काढा आणि मग मेल उघडा.

युरोपचं प्रकरण जरा नाजूक आहे. तिकडे जाणाऱ्या पोलादावर, आणि त्यात स्क्रू, नट, बोल्टसुद्धा आले, ते बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब ऑक्टोबर 2023 पासून मागतात. जानेवारी 2026 पासून त्याचा आकारही सुरू झाला. म्हणजे तुमची सळई कुठल्या भट्टीत वितळली हे तुम्हाला माहीत हवं. सळई तुम्ही आणली दुकानातून, दुकानदारानं आणली डीलरकडून, आणि डीलरला एवढंच आठवतं की ट्रक रात्री आला. फॉर्म भरायचा आहे तुम्हालाच.

प्रवाह उलटाही वाहतो, हे न सांगणं अन्याय होईल. 2004 साली पुण्याच्या भारत फोर्जनं जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस विकत घेतली. दिवाळखोरीच्या दारात गेलेली ऑस्ट्रियाची केटीएम 2025 मध्ये बजाजनं ताब्यात घेतली. तिच्या छोट्या ड्यूक चाकणलाच बनतात. छाती जरूर फुगवा. मालक जवळचा झाला म्हणून बुशचा रेट वाढतो असं मात्र समजू नका.

स्वतः निर्यात करायची हौस असल्यास

हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर 500 रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, मिळतो. दहा अक्षरी कोड, पॅनचाच नंबर. बँकेकडून एडी कोड घ्या. मालाचा एचएसएन बरोबर लिहा, नाहीतर कस्टम्समध्ये बुशचा बोल्ट होतो. न्हावा शेवापर्यंतचा खर्च तुमचा की पुढचाही, हे ठरवूनच रेट द्या. एफओबी आणि सीआयएफ यांत घोळ केलात तर नफा समुद्रात जातो, शब्दशः. लाकडी पॅलेट घ्याल तर ते गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर तसा शिक्का हवा, किडा परदेशी जाऊ नये म्हणून. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आपण विनाशिक्का तेवढेच तापतो, ते सोडा.

निर्यातीला सरकार नेहमीच उत्तेजन देतं, असं समजून मात्र चालू नका. चाकणला एका बाजूनं गाड्यांचे ट्रेलर निघतात आणि दुसऱ्या बाजूला बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उतरतात. गाडी परदेशी गेली की तिचा सत्कार. कांदा निघाला की ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, आणि डिसेंबरात सरळ बंदी, ती मे 2024 पर्यंत. एकाच गावातली ही दोन उत्पादनं, पण त्यांतल्या एकाच्याच भावाची झेप दिल्लीला खुपते. पोरगा कंपनीत आणि बाप शेतात, अशा घरांत या विषयावर जेवताना बोलू नये.

सावधानता

या सगळ्या खटाटोपात तुमचं खरं भांडवल मशीन नसतं, थांबण्याची ताकद असते. माल आज गेला, पैसे नव्वद दिवसांनी येणार, आणि सळईवाला, लाइट बिल, पगार आधी. थोडक्यात, जगभर गाड्या विकणाऱ्या मोठ्या कंपनीला भोसरीतली शेड बिनव्याजी कर्ज देते. यावर कायदा आहे आणि तो चांगला आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. एप्रिल 2024 पासून असं थकवलेलं बिल चुकतं केल्याशिवाय कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायद्यात खोट एवढीच की तो वापरला की पुढचं शेड्यूल येत नाही.

तरीही उद्यम नोंदणी, म्हणजे आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, करून ठेवा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. 45 दिवसांची मोजणी माल स्वीकारल्यापासून सुरू होते, म्हणून गेटवर चलनावर सही, शिक्का आणि तारीख, तिन्ही घ्या. टेम्पोवाल्याला आजच सांगून ठेवा : तारीख पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही.