पडद्यासमोर कोण बसलंय?

वाकडा कणा सरळ करताना मज्जारज्जूला इजा झाली, तर मूल भुलेतून पायांतली ताकद गमावून उठू शकतं. पूर्वी खात्री करायची रीत वेगळी होती. १९७३ साली स्टान्यारा या फ्रेंच सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली: ऑपरेशन मध्येच थांबवायचं, भूल उतरवायची आणि पेशंटला म्हणायचं, ‘पाय हलव.’ हलला की पुन्हा भूल. आज डोक्याला सुया टोचून विजेचा संदेश पाठवतात. तो पायाच्या स्नायूपर्यंत पोचतोय का, हे पडद्यावरच्या लाटा सांगतात.

पण लाट बसली, तर? कण्यात घातलेला स्क्रू मज्जारज्जूला टेकला असेल. रक्तदाब उतरला असेल. भुलेचा वायू वाढला असेल, स्नायू सैल करणारं औषध गेलं असेल, किंवा नुसती सुई निसटली असेल. यातलं नेमकं काय, ते काही मिनिटांत ओळखायचं आणि ‘सर, थांबा’ म्हणायचं. हे म्हणायला ज्ञान लागतं आणि धीरही. सकाळीच बाहेरून बोलावलेल्या, त्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कुणाला न ओळखणाऱ्या तंत्रज्ञ पोराकडून तो धीर कसा मागायचा?

अमेरिकेत ५१,२६३ ऑपरेशनांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. नवख्या टीमच्या तुलनेत अनुभवी टीमच्या पेशंटांत मज्जासंस्थेच्या इजा निम्म्याहूनही कमी निघाल्या. यंत्रं दोघांकडेही होती. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने तर २०१३पासून नियमच केला: दुरून लाटा वाचणाऱ्या डॉक्टरचं पूर्ण लक्ष ज्या वेळात एकाच पेशंटवर असेल, तेवढ्याच वेळाचे पैसे.

आपल्याकडे बिलात या देखरेखीची ‘न्यूरोमॉनिटरिंग’ अशी एक ओळ येते आणि नातेवाईक निमूट पैसे भरतात. त्या ओळीमागचं माणूस कोण, हे त्यांना कुणी सांगत नाही. रुग्णालयांनी हे काम पगारी, शिकलेल्या, रोज त्याच सर्जनबरोबर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे द्यायला हवं. यंत्रासाठी लाखो रुपये निघतात, मग या पगारापाशीच हात का आखडतो?

वाकड्या कण्याचं ऑपरेशन सहसा रातोरात ठरत नाही. विचारायला वेळ असतो, तेव्हा विचारा. पडद्यासमोर कोण बसणार, अशी किती ऑपरेशनं त्याने पाहिली आहेत, आणि त्याच वेळी तो शेजारच्या ओटीतही धावणार आहे का? उत्तर मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.